पान एकशे त्र्याण्णव

म्हापशाला, शुक्रवारच्या बाजारामागे,
जिथे चोरीस आणि सुक्या मिरच्या एकाच वासाला आलेल्या असतात,
बोश्त्यांवचं बायंडिंगचं दुकान.
दार इतकं अरुंद की आत तिरकं शिरावं लागतं,
भरल्या फळीत वही सारतात तसं.

मी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं.
त्याने आधी उघडलं नाही, वास घेतला.
"स्कूटरच्या डिकीत ठेवतेस?"
ठेवत होते.
"वर सोड्याची बाटली?"
तीही. पान मिटू नये म्हणून.
मग कण्यावरची सेलोटेप दिसली त्याला,
पिवळी, चिकट, तीन थरांची.
"कोणें केलें हें पातक?"
मी आल्बानचं नाव सांगितलं.
तो बोटीवर असतो हल्ली,
शिव्या तिथवर जात नाहीत.

बोश्त्यांव देवळाचे हिशेब बांधतो, इगर्जीची रजिस्टरं,
जत्रेतल्या नाटकांच्या वह्या.
राक्षस, जादूगार, वीस बाजूंचा फासा
त्याने चष्म्यावरून पाहून घेतले
आणि पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरून
हात सोडला.
ते आपसूक उघडलं: एकशे त्र्याण्णव.
"प्रॉम्प्टरची वही अशीच उघडते," तो म्हणाला,
"राजा दरसाल अडतो तिथं.
तुम्ही इथं कशाला अडता?"

मी सांगू लागले.
फोंड्याला, छापखान्यावरच्या खोलीत, दर शनिवारी,
अकरा वर्षं.
कुणीतरी घायाळ होऊन पडतं.
मेलेलं नसतं, उठतही नाही.
मग तीन वेळा फासा टाकायचा, आणि इथून भांडण:
रत्नप्रभा म्हणणार, टेबलावरून पडलेला फासा मोजायचा नाही,
शाणू म्हणणार, मागच्या खेपेला मोजला होता,
आणि आल्बान काजूच्या तेलकट बोटाने
हीच ओळ मोठ्याने वाचणार.
ते बघा, बोट अजून आहे.

बोश्त्यांवने बोट पाहिलं. काही बोलला नाही.
सांगितलं ते एवढंच:
टेप सावकाश निघेल, घाई केली तर शाई घेऊन निघेल.
फर्मे सुटे करून दोऱ्याने शिवीन,
नुसत्या गोंदावर अशी जाड पुस्तकं टिकत नाहीत.
खळीत मोरचूद, कसर लागू नये म्हणून.
बिजागरीला छत्रीचं कापड.
आणि हे पान, ज्याच्यावर तुम्ही सगळे तुटून पडता,
त्याची झेरॉक्स काढून पुठ्ठ्याला लावा.
पुस्तकाला जरा निजू द्या.

मग तो पानं मोजायला लागला, अंगठ्याने, ओठ हलवत,
आणि थांबला.
एकशे त्र्याण्णवनंतर एकशे शहाण्णव.
मधली दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली,
गुळगुळीत कागद, आपली दमट हवा,
कधी चिकटली कोण जाणे.
त्याने उजेडासमोर धरलं.
दोन्हीकडची अक्षरं एकमेकांत शिरलेली,
वर ठळक मथळा तेवढा लागला,
उलटा सुलटा मिळून: मृत्यू.

अकरा वर्षांत आम्हाला ती पानं
लागलीच नव्हती.
तिसरा फासा वाईट पडला की कुणीतरी खोकायचं,
कुणीतरी दिवा गेला म्हणायचं,
आणि नव्याने टाकायचा.

"वाफेवर धरून सोडवीन," तो म्हणाला,
"अर्धी अक्षरं जातील. पण कळेल काय लिहिलंय."

खाली बाजारात कुणी कोकमांचा भाव पाडून मागत होतं.
मी म्हटलं, नको.
त्याने कारण विचारलं नाही,
फक्त पावतीवर, आपल्या रजिस्टरी अक्षरात,
शिवण, बिजागरी, टेप काढणे याखाली लिहिलं:
चिकटलेली पाने २, गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून तशीच.
आणि पुढे, रकमेच्या खान्यात,
एक आडवी रेघ.